संगणकाला हात लावायला शिकूया

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

  

आपण इथे नेहमी कर्जाबद्दल बोलतो, परतफेडीबद्दल बोलतो, शेळ्या, कोंबड्या, शेवया, पापड यांच्याबद्दल बोलतो. आज मी बोलणार आहे ग्रामसंघाच्या खोलीत टेबलावर बसलेल्या संगणकाबद्दल. तो स्वच्छ कसा ठेवायचा, आणि तो बंद पडू नये म्हणून रोज, आठवड्याला, महिन्याला काय करायचं, एवढाच आजचा विषय.

तुम्ही म्हणाल, "ताई, आम्हाला काय करायचंय? तो चालवणारा पोरगा बघेल की!" मैत्रिणींनो, तो संगणक आपल्या संघाचा आहे. तो बंद पडला की कर्जाचा प्रस्ताव छापून होत नाही. प्रस्ताव गेला नाही तर बँकेचा हप्ता पुढे जातो, आणि बियाणं घ्यायच्या वेळी आपल्याच घरात पैसा नसतो. दुरुस्तीचं बिल येतं तेही आपल्याच पैशातून जातं. म्हणजे नुकसान आपलं, आणि हात लावायचा मात्र दुसऱ्याने, असं चाललंय.

मी ज्या गावांत बैठकांना जाते, तिथे बऱ्याच ठिकाणी संगणकाशेजारी एक कागद चिकटवलेला दिसतो, "हात लावू नये". आपल्या बायका खोली झाडतात, सतरंजी घालतात, टेबलाखालचा केर काढतात, आणि टेबलाजवळ आल्या की हात आखडता घेतात. मग खालची धूळ वर उडते आणि संगणकात जाऊन बसते. ती कोणीच काढत नाही. संगणक हाताने क्वचित बिघडतो. तो जास्त करून बिघडतो धुळीने, उष्णतेने, कमीजास्त विजेने आणि ओलीने. या चारही गोष्टींशी आपण जन्मभर झगडत आलोय. धान्याच्या कणगीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळं आपण यांच्यापासूनच राखतो.

धूळ आत जाऊन काय करते?

ज्या उभ्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, त्यात एक छोटी चिप असते. सगळं काम ती करते आणि काम करताना तापते. तिच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर एक पंखा. चिपची उष्णता पट्ट्यांमध्ये येते आणि पंखा ती बाहेर ढकलतो. आता त्या पट्ट्यांमध्ये धूळ बसली तर काय होईल? वैशाखात गोधडी पांघरून खुरपायला बसवल्यासारखं होईल. आधी संगणक हळू चालतो, मग पंखा मोठ्याने ओरडतो, आणि फारच तापला की जळू नये म्हणून संगणक स्वतःच बंद होतो.

एका गावात नेमकं हेच झालं. संगणक सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत बंद पडायचा. दुरुस्तीवाले आले आणि म्हणाले, "मुख्य बोर्ड गेला, नवीन टाकावा लागेल." संघाच्या अध्यक्ष काकू फार शिकलेल्या नाहीत, पण हिशेबाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "आधी आमच्यासमोर उघडून दाखवा." उघडला तर पंख्याखाली धुळीचा जाड थर, अगदी घोंगडीसारखा. खोलीला लागून पिठाची गिरणी आहे, त्यामुळे धुळीत पीठही होतं. वरून एका ताईंनी भरतकाम केलेला सुंदर रुमाल हवेच्या जाळीवर अंथरलेला. ब्रशने धूळ काढली, रुमाल उचलला, आणि संगणक दिवसभर चालला. बोर्डाचे पैसे वाचले. प्रत्येक वेळी धूळच असते असं नाही, बोर्ड खरोखरही जातो. पण पैसे मोजण्याआधी "उघडून दाखवा" म्हणायचा आपल्याला हक्क आहे, एवढं त्या काकूंकडून शिकण्यासारखं आहे.

रुमाल जरूर भरा, आच्छादनही घाला. पण संगणक बंद करून थंड झाल्यावर. चालू असताना त्याच्या कुठल्याही जाळीवर काही ठेवायचं नाही. भिंतीपासून निदान वीतभर पुढे ठेवा. जमिनीवर ठेवू नका, पाट किंवा स्टूल घ्या.

सामान काय लागतं?

दुकानातून फार आणावं लागत नाही. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा धुतलेला मऊ तुकडा घ्या. काठ, जर, शिवण काढून टाका, नाहीतर स्क्रीनवर ओरखडे पडतील. रंगकामाचा एक मऊ ब्रश, एक जुना दात घासायचा ब्रश, थोडा कापूस आणि सायकलचा हातपंप, इतकं पुरे. हे सगळं एका पिशवीत घालून पिशवी संगणकाच्या टेबलालाच बांधून ठेवा. ते फडकं दुसऱ्या कशाला वापरायचं नाही.

काय वापरायचं नाही तेही सांगते. फिनेल नको, साबणाचं पाणी नको, रॉकेल नको, आणि काचा पुसायचं निळं पाणी स्क्रीनवर नको. स्क्रीन काचेसारखी दिसते, पण तिच्यावर नाजूक थर असतो, तो या पाण्याने खराब होतो. तोंडाने फुंकरही मारू नका, त्याबरोबर थुंकीचा ओलावा आत जातो.

रोज आणि आठवड्याला

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. खोली आधी झाडून घ्या, धूळ खाली बसू द्या, मग आच्छादन काढा. म्हणजे झाडलोट संगणक झाकलेला असताना करायची. टेबलावर चहा, पाण्याचा तांब्या, प्रसादाची वाटी ठेवायची नाही. काम संपलं की संगणक त्याच्या पद्धतीने, म्हणजे स्क्रीनवर 'शट डाउन' निवडून बंद करायचा. पूर्ण बंद झाल्यावर मगच भिंतीवरचं बटण. थेट बटण दाबून बंद केला तर लिहिणं चालू असलेली फाईल खराब होऊ शकते.

आठवड्यातून एकदा पुसायचं. आधी बंद करा, भिंतीतली पिन काढा. स्क्रीन कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसा. डाग असेल तर फडक्याचा कोपरा साध्या पाण्याने ओला करून घट्ट पिळा आणि त्याने पुसा. पाणी स्क्रीनवर शिंपडायचं नाही, ते खालच्या पट्टीतून आत उतरतं. बोटाने जोर देऊ नका.

कीबोर्ड सोडवून उलटा धरा आणि पाठीवर हलकेच थापटा. सूप पाखडतो ना, तसंच. बिस्किटाचा चुरा, केस, मुंग्या, काय काय पडतं ते बघा! मग ब्रशने बटणांमधली धूळ काढा. माउसच्या पोटाला लाल उजेडाचं भोक असतं, ते कोरड्या कापसाने पुसा. बाण उड्या मारत असेल तर बऱ्याचदा तिथे एखादा केस अडकलेला असतो.

तीन-चार महिन्यांतून एकदा

आता आतली धूळ. संगणक वॉरंटीत असेल आणि त्यावर सील असेल, तर उघडू नका. ज्यांनी दिला त्यांनाच बोलवा. लॅपटॉपही आपण उघडायचा नाही, त्याच्या जाळ्या बाहेरून ब्रशने झाडायच्या. पण वॉरंटी संपलेल्या सीपीयूचं बाजूचं झाकण मागच्या दोन स्क्रूंवर असतं. पहिल्या वेळी जाणकाराला समोर बसवा आणि त्याच्याकडून शिकून घ्या.

पिन काढलेली असली तरी चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पदर खोचा, बांगड्या मागे सारा किंवा काढून ठेवा. थंडीत नायलॉनची साडी नेसलेली असेल तर अंगात बारीक वीज साठते, कधी चटका बसतो तीच. तिनेही आतले भाग खराब होतात. म्हणून आधी डब्याच्या उघड्या लोखंडाला हात लावा, मग काम सुरू करा. पंख्याचं पातं एका बोटाने धरून ठेवा आणि ब्रशने धूळ सोडवा. मग हातपंपाने हवा मारा. पातं धरलं नाही तर हवेने ते गरागरा फिरतं आणि पंखा खराब होतो. गॅरेजमधल्या मोठ्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिला जोर फार असतो आणि कधी पाणीही येतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. जिथे विजेची वायर शिरते, तो आतला लोखंडी डबा कधीही उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. त्याची जाळी बाहेरूनच झाडायची.

वीज, पाऊस आणि उंदीर

आपल्याकडची वीज कशी आहे ते सांगायला नको. घरातली वीज २३० व्होल्टची असायला हवी, पण पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात आणि बंद झाले की भगभगतात. म्हणून यूपीएस असतो. लहान यूपीएस काम चालू ठेवण्यासाठी नसतो. वीज गेल्यावर काम जतन करून संगणक नीट बंद करायला तो थोडी मिनिटं देतो. तो पीं-पीं वाजायला लागला की पुढची ओळ लिहीत बसू नका. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, प्रिंटर तापताना एकदम खूप वीज ओढतो. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. बसवल्याची तारीख तिच्यावर चिकटवून ठेवा. जुनी बॅटरी उकिरड्यात टाकू नका, तिच्यात शिसं आणि आम्ल असतं. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तो किमतीत काही सूटही देतो.

तीन पायांची पिन मोडून दोन पायांची करू नका. तिसरा पाय अर्थिंगचा आहे. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समजा अर्थिंग नाही. संगणक बंद करा आणि आधी वायरमनला बोलवा. हा जिवाचा प्रश्न आहे.

वळवाचा पाऊस आणि कडकडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही. पिनच काढायची, आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढायची. वीज त्या वायरीनेही आत येते. पावसाळ्यात संगणक महिनाभर झाकून ठेवू नका. एक दिवसाआड अर्धा तास तरी चालू ठेवा, त्याच्या स्वतःच्या गरमीने आतली ओल निघते. छतातून पाणी गळून आत गेलंच, तर चालू करून बघायचा मोह टाळा. पिन काढा, सावलीत वाळू द्या आणि जाणकाराला दाखवा.

पाली, झुरळं आणि उंदीर हे आपले जुने पाहुणे. सीपीयूच्या पाठीमागे एखादी पट्टी निघून उघडी फट राहिली असेल तर ती बंद करून घ्या. हवेची जाळी मात्र बंद करायची नाही. वायरी जमिनीवर लोळू देऊ नका. सुतळीने बांधून टेबलाच्या पायाला वर अडकवा. ज्या खोलीत संगणक आहे तिथे धान्याची पोती ठेवू नका. पोतं आलं की उंदीर आला, आणि उंदीर आला की वायर गेली.

खंडेनवमीला आपण संगणकाची पूजा करतो, चांगली गोष्ट आहे. पण हळदकुंकू कीबोर्डवर नको आणि अक्षता जाळीत नकोत. सीपीयूच्या बाजूला कागद चिकटवून त्यावर कुंकू लावा, उदबत्ती लांब ठेवा. त्याच दिवशी सकाळी वर्षाची मोठी सफाई करायची असं ठरवून टाका. आपण विळे, खुरपी धुऊन पुसूनच पूजतो ना?

प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन

प्रिंटरचा कागद ओल धरतो आणि मग आत अडकतो. उघडलेलं पुडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. कागद अडकला तर प्रिंटर बंद करा आणि लेझर प्रिंटर असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या, आतला भाग तव्यासारखा तापलेला असतो. मग कागद दोन्ही हातांनी, ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने हळू ओढा. लेझरची काळी पूड सांडली तर ओल्या फडक्याने टिपा. हाताला, कपड्याला लागली तर थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती चिकटून बसते. शाईचा प्रिंटर असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान छापा, नाहीतर शाई वाळून त्याची बारीक छिद्रं बुजतात.

आता अंगठ्याच्या मशीनबद्दल. आपली बँक सखी गावात बसून पैसे काढून देते ना, तेच मशीन. निराधार योजनेचे, श्रावणबाळ योजनेचे पैसे घ्यायला आजी येतात. अंगठा लागत नाही. सगळे म्हणतात, "आजी, तुमचा अंगठाच झिजलाय." आजी मान खाली घालून परत जातात. जन्मभर खुरपून, भांडी घासून बोटं झिजतात हे खरं आहे. पण कधीकधी झिजलेलं काही नसतं. सकाळपासून चाळीस जणींच्या बोटांचं तेल, तंबाखू, माती त्या काचेवर साचलेली असते. दोष मशीनचा आणि बोल आजीला! म्हणून बँक सखींना माझी विनंती आहे. दर थोड्या वेळाने ती काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा. चिकटपट्टीचा तुकडा काचेवर हलकाच लावून उचलला तरी मळ निघतो. पाणी किंवा स्पिरिट ओतू नका, नखाने खरवडू नका. आजींचे हात धुऊन, पुसून घ्या. बोट फारच कोरडं असेल तर किंचित ओलसर करा. अंगठा लागला नाही तर दुसरं बोट लावून बघा. हे सगळं केल्याशिवाय कुणालाही परत पाठवू नका.

नोंदी जपा

संगणक पुन्हा विकत घेता येतो. त्यातले आपले हिशेब, ठराव, कर्जाच्या याद्या गेल्या तर बाजारात मिळत नाहीत. म्हणून आठवड्याच्या सफाईबरोबर सगळ्या नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची. दोन पेन ड्राइव्ह ठेवा, एका आठवड्याला एक, पुढच्याला दुसरा. एक कार्यालयाच्या कपाटात राहील आणि दुसरा एखाद्या पदाधिकारी ताईंच्या घरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवले तर चोरी झाली किंवा छत गळलं की दोन्ही जातील. प्रत घेतल्यावर उघडून बघा, नीट दिसते का. या पेन ड्राइव्हवर लग्नाचे फोटो आणि गाणी घ्यायची नाहीत, व्हायरस असाच येतो. आणि कागदावरचं दप्तर बंद करू नका.

अजून एक खूण. संगणक सुरू केल्यावर दर वेळी तारीख चुकीची, पाच-दहा वर्षांपूर्वीची दिसत असेल, तर आतला नाण्यासारखा चपटा सेल संपलेला असतो. त्यावर 'सीआर २०३२' असं लिहिलेलं असतं. तो फार महाग नसतो. तारीख चुकली की बँकेची वेबसाइट उघडत नाही आणि आपण नेटवाल्याला दोष देत बसतो.

पुसणारीनेच चालवायचा

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. हे ऐकून उद्या एखादे सचिव म्हणतील, "बरं झालं, आता झाडणाऱ्या मावशींना संगणकही पुसायला सांगू." मैत्रिणींनो, हे होऊ द्यायचं नाही. पुसणारी एक आणि चालवणारा दुसरा असं झालं, तर आपल्या वाट्याला आणखी एक फडकं आलं, दुसरं काही नाही.

आपल्या गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. संगणकालाही तोच नियमितपणा लावा. एक वही घाला. आळीपाळीने दर आठवड्याला एकीचा नंबर. जिचा नंबर, तिनेच पुसायचं, तिनेच संगणक सुरू करायचा, तिनेच नोंदींची प्रत घ्यायची, तिनेच नीट बंद करायचा आणि वहीत तारीख घालून सही करायची. ऑपरेटर दादा शेजारी बसून सांगतील, हात मात्र त्या ताईंचा असेल. वर्षाचे आठवडे ५२. दहा जणी असल्या तर प्रत्येकीचा वर्षातून पाच वेळा नंबर येतो. ज्यांना अंगठा सोडून सही येत नाही त्यांचंही नाव यादीत घाला. बटण ओळखायला आणि धूळ काढायला अक्षर लागत नाही, आणि पाच वेळा समोर बसलं की चार अक्षरंही ओळखीची होतात.

बिघाड झाला तर त्याच वहीत लिहा. कधी झाला, स्क्रीनवर काय दिसलं, कोण दुरुस्तीला आलं, काय बदललं, किती पैसे घेतले. बदललेला जुना भाग मागून घ्या. सहा महिन्यांनी तोच बिघाड झाला तर वही दाखवून विचारता येईल.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. आधी "हात लावू नये" हा कागद काढा. त्या जागी नंबरांची यादी लावा, आणि पहिलं नाव कुणाचं ते बैठकीतच ठरवा. मी पुढच्या महिन्यात गावोगावी येईन तेव्हा ती वही बघायला मागणार आहे.